कुठल्या कथेनं तुम्हाला पकडलं? अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात आमच्या शहापुरातल्या कट्ट्यावर वाद झाला. एकजण म्हणाला, कथा वाचून माणूस सुधारतो. दुसरा म्हणाला, काय सुधारतोय, चाळीस वर्षं वाचतोय मी आणि अजून रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. मला दोघांचंही पटलं नाही. माझ्या मते चांगली कथा सुधारत नाही, पकडते. आपण निवांत वाचत असतो, वाईट माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत असतो, आणि शेवटच्या पानावर कळतं की इतका वेळ आपण त्याच्याच शेजारी मांडी घालून बसलो होतो.

जी. ए. कुलकर्णी आपल्या चिकोडी भागातल्या एकसंब्याचे, जन्म १९२३ चा. पुढं धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले. त्यांच्या कथांत धडधडीत दुष्ट माणूस शोधायला जावं तर तो फारसा हाती लागत नाही. भेटतात ती दुखावलेली, हट्टी, एकमेकांना नकळत चिरडणारी माणसं. 'काजळमाया'ला १९७३ साली साहित्य अकादमी मिळालं. माझ्या वडिलांनी ते पुस्तक वाचनालयातून आणलं, अर्धं वाचून परत केलं. म्हणाले, "हा बाबा आपल्या घरात डोकावून गेलाय."

तर बोला. आवडती कथा सांगू नका, त्याच्या याद्या पुष्कळ झाल्यात. ज्या कथेनं तुम्हाला पकडलं ती सांगा. मराठी, कन्नड, हिंदी, रशियन, काहीही चालेल. नावं नकोत, गाव पुरे.

निपाणी

मी बाई आहे, वय ५६. हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

१९८५ साली आजी गेली. आई बिड्या वळायची, मी दहावीला होते आणि परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरायचे राहिले होते. आजीच्या गळ्यात जोंधळी पोत होती. मामानं तिच्यातला एक मणी सोडवला आणि माझ्या हातात दिला. आमच्यात मेलेल्या माणसाच्या तोंडात सोनं ठेवतात. नातींत मी थोरली, म्हणून मला म्हणाला, "तू ठेव की." बायका रडत होत्या. मी आजीच्या ओठांत तुळशीचं पान ठेवलं, वर गंगेचं पाणी सोडलं आणि मूठ तशीच मागं घेतली. मणी मुठीतच राहिला. तिरडी उचलेपर्यंत मूठ उघडली नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगी शोकानं ताठली आहे.

कॉलेजात अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' शिकवायला घेतली. भीमाचं खाणीतलं काम सुटतं, मग तो मढी उकरून सोनं काढायला लागतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकून तुटतात, आणि खाण परत सुरू झाल्याची बातमी येते. वर्गात मुलं "ई" करत होती. सरांनी विचारलं, भीमाला गुन्हेगार म्हणाल की परिस्थितीचा बळी? चर्चा रंगली. मी बाकाखाली उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबून बघत होते.

भीमाला पोटाची भूक होती. मला फॉर्म भरायचा होता. हे दोन्ही एकच का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अथणी तालुका, कृष्णाकाठ

आमची गोष्ट साधी आहे. तोल्स्तोयची 'माणसाला जमीन किती लागते?' ही १८८६ ची कथा. पाहोम नावाच्या शेतकऱ्याला सांगतात, हजार रुबल दे, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जेवढ्याला चालत वेढा घालशील तेवढी जमीन तुझी. तो धावत धावत परत येतो आणि मरून पडतो. शाळेत असताना वाटलं होतं, असा कसा हा येडा.

आमच्याकडं धावावं लागत नाही. दर साली नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडं सरकवायचा, बस्स. बांध कोरायला कष्ट नाहीत, आवाजही नाही. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो की शेजारच्यांनी आमचा बांध खाल्ला. त्यावरून आज्जाचं त्यांच्याशी बोलणं बंद, पुढं बापाचं बंद, आणि मीही त्यांच्या लग्नाला गेलो नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेनं दोन्हीकडचा ऊस तर नेलाच, बांधही पुसून टाकला. मोजणी मागवावी लागली. सर्व्हेअर आला, साखळी टाकली, नकाशा बघितला. जवळजवळ दोन गुंठे निघाले. त्यांचे, आमच्याकडं.

आज्जाला माहीत होतं का, हे विचारायला आज्जा राहिला नाही. बाप म्हणाला, "सर्व्हेअरला पैसे चारले असतील." दोन गुंठे अजून आमच्याच ताब्यात आहेत. मी हे लिहितोय, पण सोडतो म्हणून सांगितलेलं नाही. बघू.

बेळगाव, टिळकवाडी

पेशानं प्राध्यापक होतो. फ्रेंच लेखक मोपासाँची 'बूल द सुइफ', १८८० ची, मी अनेक वर्षं शिकवली. प्रशियाच्या फौजांनी व्यापलेल्या मुलखातून एक घोडागाडी निघते. आत प्रतिष्ठित जोडपी, दोन ख्रिस्ती नन आणि एक वेश्या. सगळ्यांना भूक लागते तेव्हा टोपलीतलं खाणं काढून तीच सर्वांना वाढते. पुढं प्रशियाचा अधिकारी गाडी अडवतो, ती त्याच्याकडं जायला नकार देते, तर हीच मंडळी गोडीगुलाबीनं तिला तयार करतात. दुसऱ्या दिवशी सगळे आपापलं खातात आणि तिला तुकडासुद्धा देत नाहीत. मी फळ्यावर 'सभ्यतेचं ढोंग' असं लिहून खाली दोन रेघा मारायचो.

ऑगस्ट २०१९. अथणीवाल्यांनी सांगितला तोच पूर. मी एस्टीनं कोल्हापूरला निघालो होतो. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि आम्ही अडकलो. दुपार झाली, संध्याकाळ झाली. बसमध्ये सौंदत्तीहून परतणारे एक जोगप्पा होते, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले, बाईच्या वेशात राहणारे. हिरवी साडी, कपाळभर भंडारा, मांडीवर परडी. त्यांनी गाठोडं सोडलं. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, मडक्यातलं दही. "घ्या की, यल्लव्वाचं हाय," म्हणून सगळ्या बसला वाटलं. आम्ही खाल्लं. मी दोनदा चटणी मागून घेतली. बायकांनी पोरांची डोकी त्यांच्या पायावर ठेवली.

रात्री जवळच्या एका मंगल कार्यालयात आम्हाला हलवलं. एका खोलीत बायका, हॉलमध्ये पुरुष. बायकांच्या दारात कुणीतरी म्हणालं, "हे हितं नको." जोगप्पा हॉलकडं आले. हॉलमधून हशा आला आणि मग तेच, "आमच्यात नको." बसमध्ये पाया पडलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "मग मी बाहेर झोपतो, ह्यास्नी माझी जागा द्या." तिला तिच्या सुनेनं दंडाला धरून आत नेलं. जोगप्पा काही न बोलता व्हरांड्यातल्या पायरीवर बसले. पावसाचे शिंतोडे तिथवर येत होते. माझ्या पिशवीत जास्तीची चादर होती. ती देण्यासाठी उठून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या देखत चालत जावं लागलं असतं. मी चादर उशाला घेतली.

सकाळी बाहेर आलो तर पायरी रिकामी होती.

त्यानंतर दोन वर्षं ती कथा शिकवायला होती. फळ्यावर काही लिहिलं नाही. मुलांना वाटलं, सर आता थकले.

खानापूर

वरचं वाचून लिहायला धीर होत नाही, पण वातावरण थोडं हलकं व्हावं म्हणून लिहितो. मी मराठी शाळेत होतो, कन्नड विषयही शिकवावा लागायचा. पुण्यकोटी गाईची गाण्यातली गोष्ट कर्नाटकातल्या प्रत्येक पोराला पाठ. वाघ गाईला अडवतो. ती म्हणते, वासराला दूध पाजून येते. शब्द दिल्याप्रमाणे परत येते. वाघाला इतकी लाज वाटते की तोच जीव देतो. सत्याचा विजय, डोळ्यांत पाणी, घंटा.

एकदा मागच्या बाकावरचा पोरगा उठला. भीमगड जंगलाच्या कडेच्या वस्तीवरचा. म्हणाला, "गुरुजी, वाघानं जीव का दिला? त्याचं काय चुकलं? त्याला भूक लागली होती." मी म्हटलं, अरे, गाय खरं बोलली ना. तर म्हणतो, "आमची गाय नेली वाघानं. त्यानं काय इचारलं न्हाई, तिनंबी काय सांगितलं न्हाई. बाबा म्हणतो, वाघ वाईट न्हाई. भरपाईचा कागद पुढं सरकवत न्हाईत ती माणसं वाईट."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण तेव्हापासून त्या गाण्यातला वाघ मला जरा जास्तच सभ्य वाटतो. त्याला माणसासारखी लाज दिली म्हणूनच त्याला मरावं लागलं. गाण्यात गाय वाचली, वासरू वाचलं. खरा वाघ मात्र गोष्टीत कधी आलाच नाही.

चिकोडी

खानापूरच्या गुरुजींनी भरपाईच्या कागदाचं काढलं, म्हणून. तो कागद न सरकवणारा माणूस मी आहे. म्हणजे तोच नव्हे, तसाच. सरकारी कचेरीत ३१ वर्षं काढली.

पूर्णचंद्र तेजस्वींची 'तबरन कथे' ही कन्नड कथा. गिरीश कासरवळ्ळींनी तिच्यावर १९८६ साली सिनेमा केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तबर हा सरकारचा साधा शिपाई. बायकोला मधुमेह, पाय सडत चाललाय, आणि याची पेन्शन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. मी सिनेमा दूरदर्शनवर बघितला. त्यात तबराचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नाही.  प्रत्येकजण फक्त नियम सांगतो.

मी रोज "नाळे बन्नी" म्हणायचो, उद्या या. मराठी माणसाला मराठीत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये, भेदभाव केला नाही. आठवत असेल, एके काळी घरांच्या दारांवर 'नाळे बा' लिहायचे. रात्री भूत येऊन दार वाजवतं, ते वाचून उद्या येतं, आणि उद्याही तेच वाचून परत जातं. सिनेमा संपल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या टेबलावर लिहून ठेवा की." ती चेष्टा करत होती. मी लाच घेतली नाही कधी. हे मी फार अभिमानानं सांगायचो. आता सांगत नाही, कारण घेणारे निदान काम तरी करून द्यायचे.

संकेश्वर

जपानी लेखक अकुतागावाच्या 'इन अ ग्रोव्ह' या कथेत (१९२२) एकच खून, आणि प्रत्येकाची जबानी वेगळी. मेलेला माणूसही मांत्रिक बाईच्या तोंडून आपली वेगळीच सांगतो. आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा चार भावांच्या चार जबान्या होत्या आणि चौघंही खरं बोलत होते. एवढंच.

वडगाव, बेळगाव

माझी थोडी तक्रार आहे. आत लपलेला माणूस म्हटलं की आपण वाईटच का उकरतो? टागोरांचा काबुलीवाला (१८९२) आठवा. उधारीच्या भांडणात तो माणसाला सुरा मारतो, तुरुंगात जातो. आणि त्याच काबुलीवाल्याच्या झग्यात जपून ठेवलेला कागद असतो, त्यावर मुलीच्या पंज्याचा काळा ठसा.

आम्ही विणकर. आमचा सुताचा व्यापारी म्हणजे एक नंबरचा खडूस. साडी उजेडात धरून, भिंग लावून दाग शोधायचा आणि दागामागं पैसे कापायचा. बाप त्याला कसाई म्हणायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माग बंद, बाजार बंद. तयार साड्या घरात पडून. सगळे व्यापारी फोन उचलेनात. हा स्कूटरवरून आला. "किती आहेत? आण." त्यानं सगळा माल उचलला, रोख पैसे दिले. नंतर कळलं की गल्लीतल्या बऱ्याच घरांतनं त्यानं तसा उचलला होता, आणि पुढं कितीतरी महिने तो त्याच्या गोदामात पडून होता.

पण ऐका. त्या दिवशीसुद्धा तो आमच्या दारात, तोंडाला मास्क बांधून, प्रत्येक साडी उजेडात धरत होता. तीन दाग सापडले. तिन्हींचे पैसे कापले. बाप आत येऊन म्हणाला, "कसाईच हाय." आणि आईला चहा टाकायला सांगितला.

निपाणी, परत

टिळकवाडीच्या सरांचं वाचून दोनदा उठून पाणी प्याले. चादरीचं मला कळतं.

कुणीतरी विचारलंय की त्या मण्याचे किती आले. ५५ रुपये. फॉर्म भरून थोडे उरले, त्यातनं कंपासपेटी घेतली. सराफानं मणी काट्यावर ठेवला तेव्हा काटा हललाच नाही. मग त्यानं खालच्या खणातनं लहान काटा काढला, पदरानं पुसतात तसा रुमालानं पुसला, आणि मला विचारलं, "कुणाचा गं?" मी म्हटलं, माझाच.