पर्सेपोलिस छापणारे हे लोक नक्की कोण होते?

शाईचा डाग: पर्सेपोलिस परत वाचतोय, मार्जान सत्रापीचं स्वतःच्या इराणमधल्या आयुष्यावरचं कॉमिक, इंग्रजीतलं एकच जाडजूड पुस्तक. मित्र म्हणाला मूळ फ्रेंचमध्ये 4 भागांत आलं होतं आणि ते चित्रकारांनीच काढलेल्या संस्थेने छापलं. खरंय का? मोठे प्रकाशक नाही म्हणाले म्हणून?

बोरू: खरंय. पॅरिस, 1990, मनू, त्रोंदाइम, दाविद बे वगैरे 7 चित्रकार. नाव 'लासोसिआसियों', म्हणजे नुसतं 'संघटना', याहून आळशी नाव सापडणार नाही! तेव्हा तिकडे कॉमिक म्हणजे 48 पानं, पुठ्ठ्याचं कव्हर, रंगीत, असा साचाच ठरलेला, गोष्ट 60 पानांची असली तरी कापा. मनू त्या साच्यावर जाम खार खाऊन होता. यांनी काळी-पांढरी, साध्या कव्हरची, हवी तेवढ्या पानांची पुस्तकं काढली. दाविद बेने भावाच्या फेफऱ्यावर 6 भाग केले, 1996 ते 2003, ते आधी वाच, सत्रापीची चित्रं कुठून आली कळेल.

आळशी मांजर: मला त्यांचा खेळकरपणा आवडतो बाबा. मनूने फक्त 8 चौकटी काढून दिल्या आणि त्रोंदाइमने त्याच फिरवून फिरवून 100 स्ट्रिप्स केल्या, नवीन चित्र एकही नाही!! आपल्याकडे हे कोणी केलं असतं तर 'चित्र काढायचा कंटाळा' म्हणाले असते 😄

शाईचा डाग: भारी. मग पर्सेपोलिस एवढं खपल्यावर सगळे सुखात असतील ना

बोरू: कसलं सुखात. 2005 ला दाविद बे बाहेर, 2006 ला त्रोंदाइम, 2011 ला तर पगारी लोकांनीच संप केला. मग मनू गेला आणि जुने परत आले. मित्रांनी मिळून संस्था काढली की चहाच्या बिलापासून भांडण ठरलेलंच.

कट्टेकर: आपल्याकडे कॉमिकचं नाही पण कवितेचं झालंच की, मुंबईत कोलटकर, जस्सावाला, मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी मिळून क्लिअरिंग हाउस नावाचं प्रकाशन काढलं, जेजुरी 1976 ला तिथूनच आली. कव्हरं कोलटकर स्वतः करायचे.

शाईचा डाग: फ्रेंच येत नाही, काय बघू?

आळशी मांजर: कॉमिक्स 2000, लासोसिआसियोंनेच काढलेलं पुस्तक. पानं 2000, 29 देशांतले 324 चित्रकार, शब्द एकही नाही. फक्त उताणं पडून वाचू नकोस, हातातून सुटलं तर नाकाचं काही खरं नाही