नदीच्या तळाशी बुडालेल्या युद्धनौका वर काढाव्यात की तशाच राहू द्याव्यात?

माझगावकर:
सर्वांना नमस्कार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुष्काळामुळे डॅन्यूबचे पाणी ओसरले आणि सर्बियातील प्राहोवोजवळ वीसहून अधिक जर्मन जहाजांचे सांगाडे उघडे पडले. सोव्हिएत सैन्य जवळ येताच, १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मनांनी ती स्वतःच बुडवली होती. त्यांतील काहींत अजूनही स्फोटके असल्याने आणि जलमार्ग अरुंद झाल्याने ती हटवण्याचे काम सर्बियाने हाती घेतले. माझे दोन प्रश्न आहेत. डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही अशा गढूळ पाण्यात पुरातत्त्वज्ञ नोंदी घेतात तरी कशा? आणि निदान एखादे जहाज वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

गाळमापक:
पहिल्या प्रश्नापुरते सांगतो, कारण बंदरातील सर्वेक्षण हाच माझा व्यवसाय आहे. साइड-स्कॅन सोनार तळाचे ध्वनिचित्र देते, तर गाळाखाली दडलेले लोखंड मॅग्नेटोमीटरने कळते. पुढचे काम पाणबुड्याच्या हातांचे असते : तो ताणलेल्या दोरीच्या आधाराने सरकत, चाचपून, एकेक फळी मोजतो आणि प्रवाहाची ओढ वाढली की काम थांबवावे लागते. अमेरिकेत यॉर्क नदीत १७८१ मध्ये बुडवलेल्या ‘बेट्सी’ या जहाजाभोवती पोलादी बांध घालून आतले पाणी गाळून घेतले होते, म्हणून तेथे स्वच्छ दिसू शकले. मात्र असा खर्च सर्वांना झेपत नाही.

विद्याविहारवासी:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कैरो’च्या हकिकतीत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील ही चिलखती युद्धनौका १२ डिसेंबर १८६२ रोजी याझू नदीत सुरुंगाने फुटून बारा मिनिटांत बुडाली; सुदैवाने कोणी दगावले नाही. १९५६ मध्ये इतिहासकार एडविन बेअर्स आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी होकायंत्र व लोखंडी गज घेऊन ती शोधली. गाळाने हवा अडवल्यामुळे खलाशांचे सामानसुमान उत्तम टिकले होते. १९६४ मध्ये उचलताना मात्र पोलादी दोर लाकडात रुतले आणि अखेर तिचे तीन तुकडे करावे लागले. १९७७ मध्ये ती विक्सबर्गला कायमच्या जागी पोहोचली. तोवर लाकडाची बरीच हानी झालेली होती. पाण्याने फुगलेले लाकूड नुसते वाळू दिले तर आक्रसते, तडकते. म्हणून त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन मुरवावे लागते आणि त्याला वर्षे लागतात. माझ्या मते जतनाची सोय आधी नसेल, तर उचलण्याचा हट्ट म्हणजे नासाडी होय.

गिरगावचा वाचक:
कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. युनेस्कोच्या २००१ च्या करारात किमान शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेले अवशेषच वारशात मोडतात. आपल्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याची अटही शंभर वर्षांचीच आहे. त्यामुळे १९४४ ची जहाजे या व्याख्येत बसत नाहीत. आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी स्फोट झालेली ‘फोर्ट स्टिकिन’ ही मालवाहू नौकाही त्यात येत नाही. प्राहोवोची जहाजे हटवावी लागणार हे मान्य आहे. तथापि प्रत्येक सांगाड्याचे सोनार चित्र, मोजमाप आणि त्यावरील साहित्याची यादी क्रेन लावण्यापूर्वी पूर्ण करण्याची अट कंत्राटातच असावी, कारण नंतर ते काम करायला सांगाडाच उरत नाही.