नानांची बारा बोअरची बंदूक नव्या घरात कुठे ठेवू? चोर आणि आग दोन्हींपासून

केळीवाला_चोपडा

राम राम मंडळी. चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. आजोबांनी बांधलेलं धाब्याचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं बांधतोय. पाया झालाय, आता भिंती चढतील. म्हणून आत्ताच विचारतो, गिलावा झाल्यावर भिंत फोडायला मिस्त्री दुप्पट पैसे मागेल.

वडिलांकडे (आम्ही नाना म्हणतो, वय 74) बारा बोअरची दुनळी आहे. परवाना 1987 चा, शेतीसंरक्षणाचा. गेल्या पंधरा वर्षांत तिचा आवाज मी ऐकलेला नाही. दसऱ्याला बाहेर निघते, हळदकुंकू लागतं, पुसून परत आत. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा पोलीस ठाण्यात जमा करून आणली, तेवढाच तिचा प्रवास. ज्यांना 'मग ठेवताच कशाला' विचारायचंय त्यांनी कृपया नानांना विचारा, मी विचारून बसलोय.

आजवर ती सागाच्या कपाटात, गोधड्यांच्या मागे. काडतुसं देवघरावरच्या फळीवर बिस्किटांच्या जुन्या डब्यात. कपाटाची चावी नानांच्या करदोड्याला, आंघोळीतसुद्धा.

आता मूळ मुद्दा. मागच्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीत एका घरी कापसाच्या खोलीला आग लागली. भाव चढेल म्हणून कापूस घरात भरलेला, वायर तापली, संपलं. बंब यायला पाऊण तास. माणसं वाचली. त्या रात्री नाना ओट्यावर बसून म्हणाले, "आपल्याकडे लागली असती तर मी पहिले बंदूक काढाले गेलो असतो." सहज म्हणाले. मला मात्र झोप लागली नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धुरात शिरणार, तेही अशा वस्तूसाठी जी पंधरा वर्षं वाजली नाही.

तर मला अशी जागा करायचीय की आग लागली तरी नाना निवांत बाहेर बसतील. ऑनलाइन 'फायरप्रूफ' तिजोऱ्या दिसतात, त्या खऱ्या का? की गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाच मिमी पत्र्याची पेटी करून भिंतीत बसवू?

शटरवाला_अमळनेर

भाऊ, वीस वर्षं झाली शटर, गेट आणि तिजोऱ्यांची दारं करतोय. पाच मिमी पत्रा चोराला अडवेल, आगीला अजिबात नाही. लोखंड उष्णता आत ओढून नेतं. भाकरीचा तवा जाड असला म्हणून भाकर कच्ची राहते का? थोडी उशिरा भाजते एवढंच.

आग अडवणारा माल वेगळा असतो. तिजोरीवाले दोन पत्र्यांच्या मध्ये जिप्सम किंवा काँक्रीटसारखं भरतात. जिप्समच्या वजनात साधारण 21 टक्के पाणी बांधलेलं असतं. तापलं की ते वाफ होऊन सुटतं आणि सुटेपर्यंत आतलं तापमान शंभराच्या फार वर जाऊ देत नाही. पाणी संपलं की खेळ संपला. म्हणून 'फायरप्रूफ' शब्दावर जाऊ नका, किती मिनिटं ते विचारा. प्रयोगशाळेत जी प्रमाण आग देतात ती अर्ध्या तासात 840 अंशांच्या आसपास जाते, तासाभरात 945. अमेरिकेच्या यूएल 72 चाचणीत कागदांच्या तिजोरीसाठी अट अशी की तेवढ्या वेळात आतलं तापमान 177 च्या वर जाऊ नये. असा शिक्का आणि मिनिटं लिहिलेली असतील तर बोला. आपल्याकडच्या तिजोऱ्यांवर आयएस 550 हा भारतीय मानकाचा शिक्का दिसेल, पण तो मुख्यतः फोडण्याविरुद्धचा. चोराची तिजोरी आणि आगीची तिजोरी या दोन जाती आहेत. दोन्ही गुण एकात हवे तर वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

तुमच्या हातात अजून भिंत आहे, ही तर लॉटरी. माझं मत: बाजारची मोठी तिजोरी घेऊ नका. आतल्या भिंतीत कोनाडा सोडा, तिन्ही बाजूंनी, वर आणि खाली चार-चार इंच काँक्रीट, त्यात तीन मिमीची पेटी. 50 इंच उंच, 14 रुंद, 12 खोल अशी पेटी साधारण 45 किलो भरेल. तीच पाच मिमीची केली तर 75. भिंतीत गाडलेल्या पेटीला पाचची गरज नाही, तो पैसा दारात घाला. दार मात्र पाचचं, दुहेरी, मध्ये जिप्सम बोर्डाचे दोन थर किंवा सिरॅमिक वूल. थर्माकोल नाही! एकाने हौसेने थर्माकोल भरून घेतला होता माझ्याकडून. मी सांगून थकलो.

सगळी आग दाराच्या फटीतून शिरते. तापल्यावर फुगणारी पट्टी मिळते, फायर डोअरला लावतात तीच. चौकटीला चारी बाजूंनी लावा. कुलूप चावीचं. आकडे दाबायचं नको, आगीत त्याची वायर आणि प्लास्टिक आधी जातं.

भिंत कशाची आहे? हलक्या पांढऱ्या ब्लॉकची असेल तर त्यात साध्या अँकर बोल्टची पकड नीट बसत नाही. तिथे पेटीला मागून सळया वेल्ड करून काँक्रीटमध्ये गाडा.

केळीवाला_चोपडा

नऊ इंची पक्की वीट आहे दादा. कोनाडा सोडायला मिस्त्री तयार आहे, फक्त 'देव कोणता बसवणार' विचारतोय.

जुना_वरणगावकर

मी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त. काडतुसांबद्दल गावोगाव भलत्या समजुती आहेत म्हणून लिहितो.

सुटं काडतूस आगीत पडलं तर बंदुकीसारखी गोळी सुटत नाही. नळीचा आधार नसल्याने दाब साठत नाही, टोपण फुटतं, तुकडे आणि बुडाची कॅप उडते. डोळ्याला, कातडीला इजा होईल, भिंत भेदणार नाही. धोका कुठे आहे? नळीत भरून ठेवलेल्या काडतुसात. बंदूक पुरेशी तापली की ते आपोआप वाजतं, आणि तेव्हा ती खरोखरच बंदूक असते. रात्री डुक्कर येईल म्हणून भरून ठेवणारे मी पाहिलेत. नानांना विचारून घ्या. चिडतील, तरी विचारा.

दुसरं, काडतुसं हवाबंद जाड पेटीत नकोत. पेटली तर दाब कोंडतो आणि पेटीच बॉम्ब होते. ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात त्यातच, एका हलक्या कुलपाच्या डब्यात ठेवा. बंदुकीपासून वेगळी, वेगळी चावी. आणि देवघरावरची फळी बंद! खाली रोज दिवा लागतो ना? माळ्यावर पत्र्याखालीही नको, आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश म्हणजे नेहमीचंच.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधली पट्टी बऱ्याच बंदुकांत कथील-शिशाच्या डागाने जोडलेल्या असतात. तो डाग 183 अंशांच्या पुढे सुटायला लागतो. म्हणजे वरच्या शटरवाल्या भाऊंनी सांगितलेली कागदाची 177 ची मर्यादा बंदुकीलाही जवळजवळ तंतोतंत लागू. आगीतून निघालेली बंदूक बाहेरून ठणठणीत दिसली तरी बंदूककाराने तपासल्याशिवाय वाजवायची नाही. स्प्रिंगाही नरम पडलेल्या असतात.

आणि जिप्समची गंमत अशी की ते आगीत वाचवतं, एरवी ओलावा देतं. बंद पेटीत पावसाळाभर बंदूक गंजेल. कातडी म्यानात किंवा फोममध्ये घालून ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. सिलिका जेलची पिशवी ठेवा, महिन्याला बदला. दसऱ्याचं कुंकू त्याच दिवशी पुसा आणि तेलाचा हात फिरवा. आमचे जुने लोक रंगून तेल म्हणायचे.

उंचीबद्दल: तीस इंची नळीची दुनळी अख्खी 47 इंचांच्या आसपास असते, पण नळी दस्त्यापासून सुटी करता येते. तशी ठेवली तर 34 इंचाचा कोनाडा पुरतो. काँक्रीटही कमी, आणि चोराच्या हाती लागली तरी जुळवल्याशिवाय उपयोग नाही.

बापू_शिरपूर

मना बाप बी असाच शे भो. चावी कोठे ठेवस ते मायले बी माहीत नई. हाई पेटीमा चावी ठेवाले बी एक पेटी लागी 😀

पारोळ्याची_सून

सगळे पेटीवर बोलताय, खोलीवर कुणी बोललं नाही.

आमच्याकडे सासऱ्यांची एकनळी होती आणि शेजारच्या खोलीत कापूस. चुलत सासऱ्यांच्या कापसाला आग लागली तेव्हा मी पाहिलंय. ज्वाळा तासाभरात विझल्या. पण गंजी आतून धुमसत होती ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. वरून पाणी मारलं तरी आत जात नाही, कापूस आत आत जळत राहतो. तुमची ती तासाभराची तिजोरी चोवीस तास धुमसणाऱ्या गंजीपाशी काय करेल? म्हणून कोनाडा कापसाच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीत अजिबात नको. खरं तर कापूसच घराबाहेर काढा. तेवढी एक गोष्ट केली तर निम्मी तिजोरी तिथेच झाली.

स्वयंपाकघर, गॅसची टाकी आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांच्यापासूनही लांब. वरच्या मजल्यावर नको, धूर आणि आच वर जाते. रस्त्याकडच्या भिंतीत नको, बाहेरून कुणी वीट काढली तर? जिन्याखालची आतली भिंत बघा, पण जिन्याखाली जुनी रद्दी आणि गोणपाटं भरणार असाल तर तीही नको. (आमच्याकडे भरतात. मीच भरते.)

आणि आखाजीला तुमच्या बहिणी पोरं घेऊन येतील. दहा वर्षांच्या पोराला करदोड्यावरची चावी कुठे असते ते पहिल्या दिवशी कळतं. नाना दुपारी झोपतात ना?

कोर्टाच्या_पायरीवर_धुळे

पारोळ्याच्या ताईंनी चावीचं काढलं म्हणून. परवाना नानांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 3 ताब्याबद्दल बोलतं. नानांची चावी तुमच्या खिशात फिरू लागली तर उद्या 'ताबा कुणाचा' हा प्रश्न विनाकारण उभा राहील. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला बंदूक तुम्हाला न्यायची असेल तर नाना सोबत हवेत किंवा त्यांचं लेखी अधिकारपत्र हवं. त्यामुळे चावी एकाकडेच, परवानाधारकाकडे. दुसरी चावी मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये.

बांधकाम चालू असताना बंदूक कुठे आहे? पत्र्याच्या शेडमध्ये, मजुरांच्या येण्याजाण्यात? हा तुमच्या पूर्ण प्रश्नातला सर्वात घाईचा भाग आहे. सुरक्षित राहावी म्हणून ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा ठेवता येते. पावती घ्या, त्यावर शस्त्राचा क्रमांक नीट तपासा.

नानांचं वय 74 आहे, परवानाही 25 वर्षांहून जुना. 2016 च्या नियमांनुसार दोन्हींपैकी एक पुरतं, हयातीतच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. तुम्हाला नको असेल तर तेही आत्ताच ठरवा. नाना गेल्यावर कपाटात सापडलेली बंदूक घेऊन धावपळ करणारी मुलं मी दरवर्षी पाहतो.

परवान्याचं पुस्तक मात्र बंदुकीसोबत ठेवू नका. दोन्ही एकदम जळाले तर क्रमांक सांगायलाही काही उरत नाही. पानांचे फोटो तरी काढून ठेवा.

केळीवाला_चोपडा

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

बंदूक जळगावच्या एका परवानाधारक दुकानात जमा केली. नाना स्वतः आले. पावतीवरचा क्रमांक त्यांनी भिंग लावून तीनदा वाचला. नळीत काही नव्हतं, पण वरणगावकर काका, विचारल्यावर चिडले ते चिडलेच.

कोनाडा जिन्याजवळच्या आतल्या भिंतीत, 34 इंच, चार इंच काँक्रीट. दाराचं माप घेऊन उद्या अमळनेरला येतो. दादा, दुकान स्टँडकडून किती लांब? काडतुसांचा डबा वेगळा, नानांच्या खोलीतल्या कपाटात. कापसासाठी मागच्या वाड्यात वेगळी पत्र्याची खोली, घरापासून चाळीस फुटांवर. त्याला सगळ्यात जास्त विरोध आईचा, पावसात कापूस आणायला छत्री लागेल म्हणून.

परवाना माझ्या नावावर करायचा का, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. नाना म्हणतात कर. बायको म्हणते नको.

चावी करदोड्यालाच राहणार, पण दुपारी झोपताना नाना खोलीला आतून कडी लावतील, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. मग मी विचारलं, "आता आग लागली तर?" त्यांनी कोनाड्याच्या ओल्या काँक्रीटवर हात ठेवला, अंगठ्याने जरा दाबून पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "अजून एक इंच घाल रे."

पाच इंच होणार आहे. दार बसलं की फोटो टाकतो, घराचा नाही, दाराचा.