मदत हवी आहे: रेन गार्डनमधून उलट जास्तच फॉस्फरस बाहेर येतोय

तळ्याकाठी: पार्किंगचं पाणी गाळून तळ्यात जावं म्हणून आमच्या एचओएनं (वसाहतीच्या घरमालक संघानं) गेल्या वर्षी रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी मुरवून गाळणारी खोलगट बाग, केलं. तरी फॉस्फरसवर वाढणाऱ्या शेवाळानं तळं हिरवंच! नमुने लॅबला दिले, तर आत येणाऱ्या पाण्यापेक्षा खालच्या पाइपातून निघणाऱ्या पाण्यात फॉस्फरस दुप्पट. गुरुवारी मीटिंग आहे, लोक बाग बुजवा म्हणताहेत. लवकर सांगा, काय करू?

माळीबुवा: कुठे राहता? मातीत काय घातलंय?

तळ्याकाठी: अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनिआपोलिसजवळ. वाळू, ३० टक्के कंपोस्ट. नेहमीचंच.

माळीबुवा: तिथेच घोळ आहे. कंपोस्टमधलाच फॉस्फरस धुऊन येतोय. एकूण मोजलाय की विरघळलेला?

तळ्याकाठी: दोन्ही. बहुतेक विरघळलेलाच आहे.

सह्याद्री_पुणे: तळ्यात जलपर्णी सोडा, सगळं शोषून घेते.

माळीबुवा: कृपा करून असलं सुचवू नका! तिथल्या थंडीत ती मरणार, कुजणार आणि फॉस्फरस परत पाण्यात.

वाळूचे_कण: वाळूत लोखंडाचा कीस मिसळा, वजनाच्या ५ ते ८ टक्के. मिनेसोटा विद्यापीठातच ही पद्धत विकसित झाली. विरघळलेला फॉस्फरस किसाच्या गंजाला चिकटतो.

पानगळ: आधी रस्त्यावरची पानं उचला, त्यांतूनही फॉस्फरस सुटतो. अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात यूएसजीएसच्या (तिथल्या सरकारी भूशास्त्र संस्थेच्या) अभ्यासात पावसाआधी पानं उचलल्यावर शरद ऋतूत वाहून जाणाऱ्या पाण्यातला एकूण फॉस्फरस ८४ टक्क्यांनी घटला.

वाळूचे_कण: पानं उचलावीतच, पण बागेतूनच सुटतोय त्याचं काय?

अंगणवेडी: माझ्या टोमॅटोला फुलं येत नाहीत, फॉस्फरस कमी पडत असेल का?

माळीबुवा: ताई, वेगळा धागा काढा ना. तळ्याकाठी, खालचा पाइप सरळ बाहेर जातो की वर वळवलाय?

तळ्याकाठी: वर वळवलाय. नायट्रेट कमी व्हावं म्हणून तळाशी फूटभर पाणी कायम ठेवलंय.

माळीबुवा: अहो, हे आधी सांगायचं! त्या पाण्यात प्राणवायू संपला की लोखंड स्वतः धरून ठेवलेला फॉस्फरस सोडून देतं. कीस तिथे नकोच.

वाळूचे_कण: मान्य. पाण्याच्या वर, निचरा होऊन सुकणाऱ्या थरात घाला.

माळीबुवा: त्यापेक्षा जलशुद्धीकरण केंद्रातला तुरटीचा गाळ बघा. त्यातलं ॲल्युमिनियम प्राणवायू नसतानाही फॉस्फरस सोडत नाही. आणि वरचं कंपोस्ट काढून कमी फॉस्फरसची माती भरा. बुजवू मात्र नका.

तळ्याकाठी: गाळ मिळेल का, उद्या सकाळीच केंद्रात विचारते. मातीही तपासायला देऊ?

माळीबुवा: द्या. वरची आणि तळाची वेगवेगळ्या पिशव्यांत.