गलिव्हर म्हणजे स्विफ्ट नव्हे!

कडकभाकरी: काल इथं एकानं जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'ची कथानक, पात्रं, स्थळ, उपरोध अशी चिरफाड टाकली. शेवटी निकाल: 'चौथ्या भागात स्विफ्टचा माणूसद्वेष उघडा पडतो, मुलांना पहिले दोनच भाग द्यावेत.' डोकं फिरलं. अहो, सगळी गंमत गोष्ट सांगणाऱ्या त्या गलिव्हरमध्ये आहे! लिलिपुटात खजिनदाराच्या बायकोशी आपलं काही नव्हतं, हे हा बाबा गंभीरपणे पटवत बसतो. तिथली माणसं सहा इंचांची! असा माणूस पुढं चौथ्या भागात तिथल्या शहाण्या, बोलणाऱ्या घोड्यांना देव मानतो आणि माणसांना विटतो, ते लेखकाचं मत कसं? शेवटी त्याला वाचवतो तो पेद्रो द मेंदेझ, पोर्तुगीज कप्तान. कपडे देतो, लिस्बनला घरी ठेवतो. आणि गलिव्हरला त्याचा वास सोसत नाही! स्विफ्टनं इतका भला माणूस उगाच घातला का?

टॉवेलवाला: पोस्ट माझीच. घरी आल्यावर बायकोनं जवळ घेतलं तर गलिव्हरला घेरी येते, मग रोज चार तास तबेल्यात घोड्यांशी गप्पा. तुम्हाला हसू येतं? मला नाही येत. आणि पेपरात तुमचं हे लिहून बघा, किती गुण पडतात.

भुईकोट: गुणांचं नाव काढलंत म्हणून बोलतो. आमचे सर गाईड समोर ठेवून सांगायचे: अंडं कुठल्या टोकानं फोडायचं यावरून लिलिपुटात भांडतात ते म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण, लिहा. वर्गात पुस्तक एकानंही उघडलं नव्हतं. तरी सगळे पास.

सातरस्ता: गाईडला नावं ठेवू नका. वडील मिलमध्ये रात्रपाळीला, मूळ इंग्रजी पुस्तक कुठून आणणार होतो? गाईडवर बी.ए. झालो, नोकरी लागली. पोट भरलेल्यांनी शहाणपण शिकवू नये.

भुईकोट: काय बे, माझा बाप पण लूमवरच होता. वाचनालयात फुकट मिळायचं पुस्तक. तुला नव्हतं वाचायचं, सांग की सरळ.

सातरस्ता: तोंड सांभाळून. वाचनालय उघडं असायचं तेव्हा मी दुकानात चादरींच्या घड्या घालत होतो.

कडकभाकरी: गाईडसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

नातबाई: तिसऱ्या भागाबद्दल कुणीच कसं बोलत नाही? काकडीतून सूर्यकिरण काढू बघणारा शास्त्रज्ञ सगळ्यांना आठवतो. मला तिथली अमर माणसं, स्ट्रल्डब्रग, छळतात. मरण नाही, पण म्हातारपण चालूच. 80 वर्षं झाली की कायद्यानं मेलेले, इस्टेट वारसांची. आमची आजी नव्वदीत जिवंत असताना काकांनी उताऱ्यावरून नाव काढायची घाई केली होती. 1726 च्या पुस्तकात आमचं घर सापडलं. माणूसद्वेष्ट्याला हे सुचत नाही.

टॉवेलवाला: आजीचं वाईट वाटलं, पण तो काही पुरावा नव्हे. पेद्रोचं मान्य. माझ्या नोट्समध्ये तो बिचारा नव्हता, घालून घेतो. आता झालं समाधान? मुलांना मात्र पहिले दोनच भाग.

कडकभाकरी: जरूर द्या. पहिल्याच भागात राणीच्या महालाची आग गलिव्हर मुतून विझवतो, तेही सांगा पोरांना.

टॉवेलवाला: माझ्या पोरानं विचारलं की तुमच्याकडं पाठवतो.