हाँगकाँगचे टॉवर: वास्तुकला की खुराडी?

उंटावरचा शहाणा: काल एकाने लिहिलं, "हाँगकाँगचं एक खुराडं पाहिलं की सगळी पाहिली, वास्तुकला शून्य." बोटीतून फोटो काढून परतलेल्यांचं मत! तिथले निवासी टॉवर वरून अधिकच्या चिन्हासारखे का दिसतात, विचार केलात? स्वयंपाकघर आणि बाथरूमलाही बाहेर उघडणारी खिडकी हवी, असा नियम आहे. मधे लिफ्ट आणि जिने, भोवती मजल्याला आठेक घरं. सगळ्यांना खिडकी द्यायची तर इमारतीला खाचा पाडाव्याच लागतात. हीच वास्तुकला.

त्रिज्या: त्या खाचेत मी सहा वर्षं काढलीत, ३१व्या मजल्यावर. खालच्यांनी खारी मासळी तळली की माझे वाळत घातलेले कपडे परत धुवायला. वरच्यांच्या एसीचं पाणी रात्रभर टपटप. नियमात खिडकी आहे हो, हवा कुठाय?

ढगफोडे: तुम्ही दोघं घरांतच अडकलात. सेंट्रलचं, त्या बँका-ऑफिसांच्या भागाचं बोला! वास्तुकार फॉस्टरची एचएसबीसी बँकेची इमारत (१९८५) तळाशी मोकळी सोडलीय, रविवारी तिथे फिलिपिनो कामवाल्या पुठ्ठे अंथरून गप्पा मारत बसतात. जवळच वास्तुकार पेईंची बँक ऑफ चायना (१९९०), तिच्या कडा फेंगशुईत, म्हणजे चिनी वास्तुशास्त्रात, सुऱ्याच. म्हणून एचएसबीसीच्या गच्चीवर तोफा.

उंटावरचा शहाणा: तोफा? देखभालीच्या क्रेन आहेत त्या!

ढगफोडे: क्रेन आहेत हे मलाही कळतं. रोख नेमका पेईंच्या इमारतीकडेच का, ते सांगा.

कोरा कागद: फेंगशुईचं नाव काढू नका. तिथल्या आमच्या ऑफिसात गुरुजी होकायंत्र फिरवून गेले आणि माझं टेबल खिडकीपासून उचलून झेरॉक्स मशीनला चिकटवलं. खिडकीत साहेब बसले. ऊर्जा म्हणे!

ढगफोडे: तुमच्या साहेबाचा राग चिनी परंपरेवर काढू नका.

कोरा कागद: परंपरा तुमच्या पाठीला टोनरचे चटके देते का?

त्रिज्या: अरे, मूळ मुद्दा! "जागाच नाही, म्हणून उंच" हे अर्धसत्य आहे. सुमारे ४० टक्के जमीन कंट्री पार्कांत, म्हणजे डोंगर-जंगलांत, राखीव. सेंट जॉन्स कॅथीड्रलचा तुकडा सोडला तर सगळी जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. सरकार ती हात आखडून देतं, पट्ट्याच्या पैशांवर तिजोरी भरतं. मग आम्ही राहतो खाचेत.

उंटावरचा शहाणा: ते डोंगर सपाट करायचे होते का मग? आणि सगळं उंच नव्हतंच. काई टाक विमानतळ १९९८ला बंद होईपर्यंत हाँगकाँगच्याच काउलून भागात इमारतींच्या उंचीवर बंधन होतं. तिथला ४८४ मीटरचा आयसीसी टॉवर नंतरचा, २०१०चा.

त्रिज्या: म्हणजे विमानं होती तोवर आभाळ दिसायचं. मुद्दा माझाच झाला.

उंटावरचा शहाणा: बरं बाई, नियम चांगला, खाच वाईट. खूश?

त्रिज्या: उपकार झाले. कागदराव, टेबल हललं का?

कोरा कागद: हललं ना. आता पॅन्ट्रीच्या दाराशी.