दुष्काळपट म्हटलं की भेगाळलेली जमीनच का?
भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा म्हातारा नसेल तर प्रेक्षकाला दुष्काळपट ओळखूच येत नाही, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. कॉलेजच्या लघुपटासाठी आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात शूटिंग केलं, तेव्हा घर 'गरीब' दिसावं म्हणून टीव्हीवर चादर टाकली. घरच्या मावशींनी विचारलं, "टीव्ही कामून झाकायलात, लेकरांनो?" आमच्यातल्या एकालाही उत्तर देता आलं नाही. तो शॉट अजूनही माझ्याच्यानं बघवत नाही.

आणि दुष्काळ फक्त खेड्यातच असतो का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूर शहरासाठी, पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर. अपार्टमेंटच्या जिन्यानं घागरी वर नेणाऱ्या बाया मात्र विद्यार्थ्यांच्या एकाही फिल्ममध्ये मला अजून दिसल्या नाहीत.